चोर सोडून कार्बोरेटरला फाशी

जुनी गाडी चालता चालता बंद पडू लागली की एक पथ्य कटाक्षाने पाळा: ती नेमकी कधी बंद पडते याकडे अजिबात लक्ष देऊ नका. गार असताना की तापल्यावर, सिग्नलला उभी असताना की चढावर, टाकी भरलेली असताना की तळाला गेल्यावर, असले प्रश्न मनात आले तर झटकून टाका. वहीत लिहून वगैरे तर मुळीच ठेवू नका. चार नोंदी झाल्या की त्यातून काहीतरी दिसू लागतं, आणि एकदा दिसू लागलं की पुढची सगळी मजा गेली. मेकॅनिकने विचारलंच तर "कधीपण बंद पडते हो" एवढंच सांगा. त्यानंतर तो जे काही करेल ते बरोबरच ठरतं.

कशी बंद पडते तेही पाहू नका. बटण दाबल्यासारखी क्षणात गप्प होते, की आधी आचके देते, दम सोडते, पाय दाबला तरी ओढत नाही आणि मग मान टाकते? जाणकार म्हणतात, पहिल्या तऱ्हेत बहुधा करंटचा दोष असतो, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतली कॉइल, कंडेन्सर, नाहीतर एखादी सैल वायर. आणि दुसऱ्या तऱ्हेत बहुधा पेट्रोल कमी पडत असतं. जाणकारांचं काय जातं बोलायला! एवढ्याशा फरकाने संशयितांची यादी निम्म्यावर येते, आणि आपल्याला तर सगळ्यांनाच पकडायचं आहे.

सुरुवात कार्बोरेटरपासून, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या भागापासून करा. त्याचा गुन्हा एवढाच, की एअर फिल्टर काढला की तो समोरच दिसतो आणि त्याला स्क्रू असतात. स्क्रू आहे म्हणजे तो फिरवलाच पाहिजे. मिक्श्चरचा स्क्रू आधी किती आटे बाहेर होता ते मोजत बसू नका, परतीचा रस्ता ठेवला की माणूस भित्रा होतो. मग आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालू राहतं त्याचा, स्क्रू पिळून रेस वाढवा. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर धडधडून मरणारं इंजिन १,५०० वर कसं छान गुणगुणेल! सिग्नलला बंद पडणार नाही आणि मूळ दोषही जागच्या जागी सुखरूप राहील. कार्बोरेटरखालचं पॅकिंग उडालंय किंवा व्हॅक्यूमची नळी तडकलीय, आणि इंजिन तिथून हवा घेतंय? घेऊ द्या. एक लिटर पेट्रोल नीट जळायला नऊएक हजार लिटर हवा लागते, तिथे एका चिरेतून येऊन येऊन किती येणार? आता, आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं, म्हणून ती चीर नेमकी तेव्हाच बाधते आणि रेस दिली की दोष लपतो, हे खरं आहे. पण कधी बंद पडते ते पाहायचं नाही असं आपलं ठरलंय.

ठिणगी पाडणारे प्लग काढून बघावेत का? काढा की. फक्त बघण्याआधी तारेच्या ब्रशने घासून लख्ख करा. नाहीतर टोकावर कोरडी काळी काजळी दिसते आणि पेट्रोल जास्त जातंय असा संशय येतो. पांढरंफटक टोक दिसलं तर पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं. फिकट तपकिरी दिसलं तर तिथे काही बिघडलेलं नाही असं मानावं लागतं. घासलेला प्लग असलं काही बोलत नाही.

टाकीचं तर नावच काढू नका. वर्षभर उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं, तर कधी कधी सकाळी तळाशी पाण्याचा टपोरा थेंब दिसतो. बाटली कलंडली की तो पाऱ्यासारखा घरंगळतो, आणि त्याच्या बाजूने गंजाची तांबूस भुकटी सरकते. हे एकदा पाहिलेला माणूस मग कार्बोरेटर चौथ्यांदा धुवायला तयार होत नाही. तो आधी टाकी साफ करतो, फिल्टर बदलतो, बाहेरून धडधाकट दिसणारी पण आतून सोलत चाललेली रबरी नळी काढून टाकतो, आणि मग कार्बोरेटर एकदाच धुतो. एकदाच! (उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी तपासू नका. हा एक सल्ला खरा आहे, त्यात उपरोध शोधू नका.)

गाडी तापल्यावर बंद पडत असेल तर सगळा दोष उन्हाला द्या. त्यात थोडं तथ्य आहेच, हीच पंचाईत. पेट्रोल नळीतच उकळून वाफ अडते आणि पंपाला ती ढकलता येत नाही. पण तापलेली कॉइल आणि म्हातारा कंडेन्सरही हुबेहूब असंच सोंग आणतात, अन् थंड झाल्यावर साळसूदपणे चालू होतात. बंद पडल्या पडल्या ठिणगी येतेय का ते तपासलं तर कोण खरं, कोण खोटं ते कळतं. त्यामुळे आधी तासभर थांबा. गाडी पूर्ण गार होऊन चालू झाली की मग तपासा. सगळं उत्तम निघेल.

इंजेक्शनवाली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी गाडी असेल तर काम आणखी सोपं: टाकीतला पंप बदला. चावी फिरवल्यावर मागून दोनएक सेकंद गुणगुण ऐकू येते का, पंपाला करंट देणारा रिले तापून दगा देतोय का, नळीत साधारण तीन बारचा दाब आहे का, हे गेज लावून बघणं म्हणजे बिचाऱ्या पंपावर अविश्वास दाखवणं. एका वेळी एकच वस्तू बदलण्याची कंजुषीही नको. चार एकदम बदला. गाडी सुधारली तर कशामुळे ते कळणार नाही, बिघडली तर तेही नाही.

ही पद्धत मी स्वतः शेवटपर्यंत पाळली आहे. माझी गाडी वीसेक मिनिटं झकास पळायची, मग आचके देऊन थांबायची. दहा मिनिटं रस्त्याकडेला उभी केली की जणू काही झालंच नाही अशी चालू. कार्बोरेटर दोनदा उघडला. पंप नवा, कॉइल नवी, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, सगळं नवं. मधे एकदा पेट्रोल भरायला झाकण फिरवलं तर टाकीने मोठ्याने 'फुस्स' करून हवा आत ओढली, इतकी की झाकण हाताला खेचल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, काय घट्ट बसतं बुवा! जुन्या काळचं काम ते जुन्या काळचं. आणि ते जपून परत लावलं.

शेवटी गाडी विकली. आठवड्याने नव्या मालकाचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

"अहो, वाटेत बंद पडली होती," तो म्हणाला. "टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं, आत हवा जाईना म्हणून पेट्रोल बाहेर येईना, दुसरं काही नाही. टाचणीने मोकळं केलं. बाकी गाडी फार छान ठेवलीत हं तुम्ही. बॉनेट उघडलं तर आत सगळं नवंकोरं!"