लष्करी ट्रकच्या ड्रायव्हरला खरंच काही होत नाही?

लष्कराची गाडी दरीत कोसळल्याची बातमी आली की मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. 'आर्मीची गाडी म्हणजे लोखंडी किल्ला, धडकेत समोरच्याचा चेंदामेंदा होतो, ड्रायव्हरला खरचटतही नाही. कॉन्व्हॉय (लष्करी गाड्यांचा ताफा) सावकाशच चालतो. जवान सीटबेल्ट लावत नाहीत, कारण वेळ आली तर उडी मारता येते. आणि ट्रेनिंग असं कडक की चूक होतच नाही.' लोक जवानांवरच्या प्रेमापोटी हे पुढे पाठवतात. पण यातला बराचसा भाग त्याच जवानांच्या जिवावर उठणारा आहे.

आधी किल्ल्याचं बघू. ट्रक आणि कारची टक्कर झाली तर जास्त हाल कारमधल्यांचे होतात, एवढं खरं. पण घाटात समोर कार असतेच असं नाही. २४ डिसेंबर २०२४ रोजी पूंछमध्ये ११ मराठा लाइट इन्फन्ट्रीची गाडी दरीत गेली आणि किमान पाच जवान गेले. २३ डिसेंबर २०२२ रोजी उत्तर सिक्कीममध्ये झेमाजवळ सोळा गेले, तर ४ मे २०२५ रोजी रामबनमध्ये तीन. उतारावरून गडगडताना जड गाडी जास्त जोराने आपटते, आणि उंच गाडी लवकर कलंडते. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये तिथल्या लष्कर आणि मरीन कोअर या दुसऱ्या सैन्यदलाच्या वाहनांचे लढाईबाहेरचे अपघात तपासले. २०१० ते २०१९ या आर्थिक वर्षांत असे ३,७५३ अपघात झाले आणि १२३ सैनिक दगावले. त्यातले सुमारे ६३ टक्के मृत्यू गाडी उलटल्याने झाले.

जाड पत्र्याबद्दलही गैरसमज आहे. साध्या कारचं नाक चेपतं आणि धक्क्याचा बराच भाग तिथेच जिरतो. ताठ सांगाड्याची गाडी तेवढी चेपत नाही, मग धक्का थेट माणसापर्यंत येतो. त्यातून अनेक ट्रकमध्ये ड्रायव्हर इंजिनाच्या वर, अगदी पुढच्या टोकाला बसलेला असतो. समोरून आदळलं की गुडघे डॅशबोर्डवर जातात. वाटी फुटते, किंवा मांडीचं हाड खुब्यातून मागे निखळतं. स्टीअरिंग छातीत घुसतं, बरगड्या मोडतात, प्लीहा (पोटात डावीकडे असणारा स्प्लीन हा अवयव) किंवा यकृत फाटतं. केबिन आत आली तर पाय पेडलांपाशी अडकतात, आणि मग पत्रा कापल्याशिवाय माणूस बाहेर निघत नाही.

सावकाश चालल्याने धोका कमी होतो, संपत नाही. अमेरिकी सेनापती जनरल पॅटन (खेमकरणच्या रणांगणात पडलेले ते पॅटन रणगाडे यांच्याच नावाचे) अख्खं दुसरं महायुद्ध लढून जिवंत राहिले. ९ डिसेंबर १९४५ रोजी जर्मनीत मॅनहाइमजवळ त्यांची कार कमी वेगात आपल्याच सैन्याच्या ट्रकवर आदळली. मानेचा मणका मोडला, अंग लुळं पडलं आणि २१ डिसेंबरला ते गेले. गाडीतल्या इतरांना किरकोळ मार लागला होता.

उडी मारण्याची कल्पना तर सगळ्यात घातक. गाडी कलंडायला लागली की दार उघडून बाहेर पडायला सेकंदही हातात नसतो. पट्टा नसलेला माणूस केबिनमध्ये भिरकावला जातो किंवा अर्धवट बाहेर फेकला जाऊन स्वतःच्याच गाडीखाली येतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या हिशेबाने पट्ट्यामुळे पुढच्या सीटवरच्यांचा मृत्यूचा धोका कारमध्ये सुमारे ४५ टक्क्यांनी आणि पिकअपसारख्या हलक्या ट्रकमध्ये ६० टक्क्यांनी घटतो. आग लागली तर अडकू, अशी भीती अनेकांना वाटते. पण आगीतून बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं, आणि डोकं आपटू न देणं हेच तर पट्ट्याचं काम.

ट्रेनिंगबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच अमेरिकी अहवालात ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणं, वरिष्ठांच्या देखरेखीतली ढिलाई आणि अपुरं प्रशिक्षण ही नेहमीची कारणं सापडली. 'जवान चुकत नाही' असं म्हणत राहिलं की अपघातानंतर सगळं खापर त्या एका ड्रायव्हरवर फुटतं. त्याला त्या रात्री त्या रस्त्यावर कुणी पाठवलं, किती तास झोप मिळाली होती, हे विचारायचं राहूनच जातं.

या मजकुराच्या काही आवृत्त्यांत शेवटी असतं, 'रक्त दिसत नसेल तर ड्रायव्हर ठीक आहे.' हे तर कृपा करून कुणी पाठवू नका. प्लीहेतला रक्तस्राव पोटात होतो, बाहेर थेंबही दिसत नाही. चालत-बोलत असलेला माणूस तासाभरात पांढराफटक पडू शकतो. घाटात बहुधा आसपासचे गावकरीच आधी पोचतात. त्यांनी आग किंवा गाडी आणखी घसरण्याची भीती नसेल तर त्याला हात धरून ओढू नये. डोकं-मान आहे तशीच स्थिर धरून ठेवावी, वाहत्या जखमेवर कापड घट्ट दाबावं आणि ११२ ला फोन लावावा.