धाक काढला की सहकार्य संपतं?

‘माणसं एकमेकांना साथ देतात ती केवळ पुढच्या डावातल्या बदल्याच्या धाकानं. धाक काढा, जो तो आपली पोळी भाजून घेईल. गेम थिअरीनं हे सिद्ध केलंय.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. (गेम थिअरी म्हणजे एकाचा फायदा दुसऱ्याच्या निर्णयावरही अवलंबून असतो अशा डावांचं गणित.) गणित, प्रयोगांत घसरत जाणारं योगदान आणि संगणक स्पर्धेत ‘जशास तसे’ या चालीचा विजय, असे तीन पुरावे त्यात दिलेत. तिन्ही तपासू.

आधी गणित. ‘कैद्यांची कोंडी’ या डावात दोघं प्रत्येक फेरीत साथ किंवा दगा निवडतात: दोघांनी साथ दिली तर दोघांचंही दोघांनी दगा देण्यापेक्षा बरं होतं, पण समोरचा काहीही करो, दगा देणाऱ्याला त्या फेरीत जास्त मिळतं. फेऱ्या किती हे ठाऊक असेल तर शेवटच्या फेरीत दगा फायद्याचा, म्हणून तिच्या आधीच्या फेरीतही, असं करत थेट पहिलीपर्यंत. हिशेब चोख आहे. पण १९५० साली मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी दोन जाणकारांना हा डाव १०० वेळा खेळायला लावला, तेव्हा ६० फेऱ्यांत दोघांनीही साथ दिली. खेळाडू फक्त स्वतःचंच बघतो हे गणित गृहीत धरतं, सिद्ध करत नाही.

पुन्हा गाठ पडणार असेल तर सहकार्य वाढतं, हे खरंच आहे. मला खटकतो तो ‘केवळ’ हा शब्द. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या २००२च्या प्रयोगात गटातल्या प्रत्येकानं सामाईक निधीत पैसे टाकायचे होते, आणि तेच दोघं पुन्हा कधीच समोरासमोर येणार नव्हते. तरीही अंग चोरणाऱ्याला दंड करायला लोकांनी पदरचे पैसे घातले. तो सुधारला तर फायदा पुढच्या अनोळखी गटाचा!

आता घसरण. सामाईक निधीच्या खेळात टाकलेल्या एका नाण्यातून स्वतःला एकाहून कमी मिळतं, पण गटाला मिळून एकाहून जास्त. लोक सुरुवातीला साधारण निम्मी रक्कम टाकतात, मग आकडा खाली येत जातो. ‘बघा, मुखवटे गळाले!’ असं या मजकुराचं म्हणणं. पण १९८८मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी खेळ संपल्यावर अचानक नव्यानं सुरू केला, आणि योगदान पुन्हा वर गेलं. स्वार्थच शिकले असते तर ते वर कशाला जाईल? २००१मध्ये फेर, गेख्टर आणि उर्स फिशबाखर यांनी खेळाडूंना वेगळं विचारलं: इतरांनी इतकं दिलं तर तुम्ही किती द्याल? जवळपास निम्म्यांनी इतरांच्या वाढत्या रकमेबरोबर आपलीही वाढवली. काहीच न देणारे सुमारे ३० टक्के होते. त्या ३० टक्क्यांना बघून बाकीचे हात आखडतात, कारण दंडाची सोय नसली की निषेधाचा तेवढाच मार्ग उरतो. आकड्यात हा वैताग आणि स्वार्थ सारखेच दिसतात. हा मजकूर वाचून कुणी आपल्या सहकाऱ्यांवर पाळत ठेवायला निघू नये, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

राहिलं ‘जशास तसे’, म्हणजे पहिल्या फेरीत साथ आणि मग समोरच्यानं मागच्या फेरीत केलं तेच करायचं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी याच कोंडीच्या डावाच्या घेतलेल्या संगणक स्पर्धांत अनातोल रॅपोपोर्ट यांची ही चाल पहिली आली, पण ती सुरुवातच साथीनं करते आणि कुठल्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. एकूण बेरजेत ती वर आली, कारण तिच्याशी खेळताना समोरच्यालाही भरपूर मिळत होतं. शिवाय चुकून एकदा दगा पडला, तर असे दोन खेळाडू आळीपाळीनं एकमेकांना फटके देत बसतात. तिथं अधूनमधून माफ करणारी चाल सरस ठरते.