तिथी पाऊणपट, पाहुणे दुप्पट

दिवाडीला येतो असं कुणी फोनवर म्हणालं, की आम्ही वार विचारत नाही, तिथी विचारतो. समोरच्याला वाटतं, घरात सत्यनारायण असेल. तसं काही नसतं. आमचं गाव म्हणजे गोव्यातलं, मांडवी नदीतलं बेट आहे, आणि तिथी कळली की पाणी कुठवर असेल ते कळतं. पाण्यावरून फेरीबोटीचा धक्का किती निसरडा असेल ते ठरतं, आणि धक्क्यावरून पाहुणा घरी कोणत्या मनःस्थितीत पोचेल ते.

हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणपट करायचं, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. त्यापासून सहा तास पुढे-मागे ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तास-पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. नदीत आत येईपर्यंत पाण्यालाही थोडा उशीर होतो, तो सरकारी कर्मचाऱ्याइतका धरून चालावा. एवढं गणित येत नसेल तर दिवाडीत राहता येतं, पण दिवाडीतून वेळेवर बाहेर पडता येत नाही.

आता गणिताची खोच पाहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. हेच दिवस उधाणाचे, भरती सर्वांत वर आणि ओहोटी सर्वांत खाली. पणजीतलं ऑफिस सुटून माणूस धक्क्यावर पोचतो नेमका तेव्हाच मांडवी आपलं पाणी गोळा करून समुद्राकडे निघालेली असते. चंद्रानं ऑफिसच्या वेळा पाहूनच हे ठरवलं असणार अशी आमची खात्री आहे. संकष्टीचं दुखणं वेगळं. चंद्रोदय आणि ओहोटी बरोबरच येतात; उपाशी माणूस धक्क्याच्या उतारावर उभा, चंद्र दिसतोय, आणि मोदक पलीकडच्या काठावर.

अष्टमी मात्र गुणी. भरती सहाला, ओहोटी बाराला, आणि पाणी भांगाचं, म्हणजे धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. म्हणून सासरची माणसं अष्टमीला बोलवावीत. ज्यांना पुन्हा बोलवायचं नाही त्यांना पौर्णिमेला संध्याकाळी.

ओहोटीचा एवढा बाऊ कशासाठी, तर धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. त्याचा खालचा भाग भरतीत बुडालेला असतो, त्यामुळे त्यावर शेवाळ धरतं. वरचा भाग कोरडा आणि खरखरीत, त्यामुळे नवखा माणूस पहिली दहा पावलं फुशारकीनं टाकतो. अकराव्या पावलाला रंग बदलतो, करड्याचा हिरवा होतो. तिथून पुढे फुशारकी उपयोगाची नसते. स्कूटर असेल तर पुढचा ब्रेक विसरायचा. हिरव्यावर पुढचं चाक अडलं की गाडी आडवीच. मागचा ब्रेक हलका धरायचा, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हँडल सरळ. तिरकं उतरायचं नाही. मागे बसलेल्या व्यक्तीला आधी उतरवायचं, मग ती कितीही रागावो. पिशव्या हँडलला अडकवायच्या नाहीत, विशेषतः उजवीकडे मासे आणि डावीकडे काहीच नाही अशा वाटणीत.

चारचाकीचं दुखणं उतारात नाही, सांध्यात आहे. पाणी खाली गेलं की बोटही खाली जाते, धक्क्याचा उतार आणि बोटीची लोखंडी फळी यांच्यात कोन पडतो. बुटक्या गाडीचा बंपर त्या कोनात घासतो आणि एक आवाज येतो, जो मालकाच्या दातांतून गेल्यासारखा वाटतो. उपाय असा की आतली माणसं उतरवायची, म्हणजे गाडी दोन बोटं वर उठते, आणि पहिल्या गिअरमध्ये न थांबता चढवायची. मध्येच घाबरून थांबलात तर चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरतात. खलाशी तेवढ्यात हात हलवत म्हणतो, "मातशें फुडें घे, बाब!" म्हणजे जरा पुढे घे. हे वाक्य तो दिवसभर म्हणतो. गाडी बोटीच्या टोकाला पोचलेली असते, पुढे फक्त साखळी आणि नदी, तरी तो म्हणतो, मातशें फुडें. त्याचं ऐकावं. आपल्या मागे अजून तीन गाड्या आणि अकरा स्कूटर कशा बसवायच्या हे त्याच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि काच खाली करून खालच्या आवाजात त्याला नावं ठेवायची. इंजिनाच्या धडधडीत काहीच ऐकू जात नाही.

नदी ओलांडायला लागतात पाच-सात मिनिटं. उरलेला वेळ लागतो बोटीची वाट पाहायला. बोट नेहमी पलीकडच्या काठावर असते. विज्ञानाच्या दृष्टीनं हे अशक्य आहे, कारण पलीकडचे लोकही हेच सांगतात.

बेटावर यायच्या तीन वाटा. सांपेद्रहून, जुन्या गोव्याहून पिएदादला, आणि डिचोलीच्या अंगानं नार्व्याहून. जुन्या गोव्याचा धक्का सर्वांत भपकेबाज. व्हाइसरॉयच्या कमानीखालून वाट धक्क्यावर उतरते. ही कमान १६व्या शतकाच्या अखेरीस वास्को द गामाच्या पणतूनं, तो स्वतः व्हाइसरॉय असताना उभारली. पुढं कित्येक वर्षं नवा व्हाइसरॉय गलबतातून उतरून तिच्याखालून थाटात शहरात शिरायचा. आम्ही त्याच कमानीखालून उलट दिशेनं जातो, हातात गॅसचा सिलिंडर, बगलेत ट्यूबलाइट. ट्यूबलाइट नेहमी उभी धरावी. आडवी धरली की ती कुणाच्या तरी चष्म्याला लागते आणि मग दोन्हींचे पैसे भरावे लागतात. ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त असतं, त्या दिवसांत कमानीपर्यंत पोचणंच मुश्कील. आणि दहा वर्षांनी एकदा त्याच संताचं शवदर्शन, शेवटचं २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत चाललं. जगभरातून भाविक येतात, आणि त्या गर्दीत एक दिवाडकर बटाट्याची गोणी घेऊन "जरा वाट द्या" म्हणत असतो.

घर बांधणं ही तर तपश्चर्या. चिरे, वाळू, सिमेंट, सळया, सगळं फेरीनं. भरलेला ट्रक आत घेतला की बाकीच्यांना जागा उरत नाही, म्हणून धक्क्यावर त्याचं स्वागत कसं होतं ते लिहिण्यासारखं नाही. शहाणा माणूस छोट्या टेम्पोनं, भरतीच्या वेळी, आणि सकाळची शाळा-ऑफिसची गर्दी ओसरल्यावर माल आणतो. चिऱ्यांत शंभरी पाचेक फुटतात ते धरून जास्तच मागवायचे; चार कमी पडले तर त्या चार चिऱ्यांसाठी पुन्हा तिथी पाहावी लागते. गवंडीही पलीकडचा असला तर साडेचारपासून त्याचा एक डोळा ओळंब्यावर आणि एक नदीवर असतो. बेटावरच्या काही भिंती का कलल्यात याचा उलगडा यात असावा.

माणसं सोडा, देवांनासुद्धा इथून होडी धरावी लागली आहे. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव, त्याचं देऊळ बेटावरच्या नार्व्यात. कदंबांनी आपल्या बिरुदात आणि नाण्यांवर त्याचा वरप्रसाद मिरवला. बहामनींच्या काळात देऊळ मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं १४व्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभं केलं, १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनी पुन्हा पाडलं. मग लिंग नदीपलीकडे गेलं, डिचोलीच्या मुलखात, आणि लोकांनी त्या गावालाही नार्वेच म्हटलं. पत्ता बदलला तरी नाव तेच ठेवलं, म्हणजे टपाल चुकत नाही. तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून दिलं, तसा शिलालेख दारावर आहे. बेटावरचा गणपतीही असाच खांडोळ्याला गेला. पिएदादच्या टेकडीवर आज जे चर्च आहे त्याच्या दफनभूमीत कदंबकालीन देवळाचा एक तुकडा अजून उभा आहे, वर कोरीव छत आणि आत चॅपेल. छत पाहायला मान वर करावी लागते; ती अवघडेपर्यंत पाहत राहावं असं ते आहे.

शेजारच्या जुवे बेटावर २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांचे मावळे ओहोटी साधून चालत शिरले आणि किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन गेला आणि जखमी होऊन कसाबसा परतला. लोक यातला पराक्रम सांगतात. आम्हाला कौतुक वाटतं ते याचं, की एवढ्या गडबडीत त्यांनी पाण्याची वेळ बरोबर काढली. त्याच जुव्याला आज पूल आहे. असो.

पाण्याचा खरा खेळ मात्र धक्क्यावर नाही, खाजनात आहे. बेटाच्या कडेची सखल शेतं नदीच्या भरतीपेक्षा खाली आहेत. ती टिकून आहेत मातीच्या बांधावर आणि त्यातल्या मानशीवर. मानस म्हणजे चिऱ्याच्या भिंतीत वरून टांगलेली लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, दार उघडतं. ना वीज, ना मोटर, ना ॲप. बिघडतं ते एवढ्याशा गोष्टीनं: दाराच्या फटीत एक ओंडका किंवा नारळ अडकला की दार चार बोटं उघडं राहतं, आणि एका उधाणात खारं पाणी शेतभर. बांधाचंही तेच. कुर्ली, म्हणजे खेकडा, बीळ पाडते, बिळातून धार लागते, धारेची खांड होते, म्हणजे बांधच फुटतो. सुरुवातीला मूठभर चिखल आणि पेंढ्यानं बुजणारं बीळ दोन दिवसांनी टोपल्यांच्या रांगेलाही ऐकत नाही. एकदा खारं शिरलं की दोन-तीन पावसाळे धुऊन निघेपर्यंत भात धड येत नाही. कोरगुट हे खारं सोसणारं भात, पण त्याच्याही सोसण्याला हद्द आहे. वर मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळं लावलं की कोळंबी मिळते, आणि त्या मासेमारीचा लिलाव होतो. ज्यानं लिलाव घेतला त्याला दार जास्त वेळ उघडं हवं, ज्याचं शेत त्याला मिटलेलं. गावातली निम्मी भांडणं या दाराच्या चार बोटांत आहेत.

उरलेली निम्मी भांडणं आम्ही सणाला भांडतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां असतो. वाड्यांच्या हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणून पोर्तुगिजांनी हद्दीवर निशाणं रोवली आणि लोकांनी ती पाडली, त्याची ही नक्कल. बांबूच्या नळीची फोटाश, म्हणजे खेळण्यातली बंदूक, तीत हिरवं तेफळ (तिरफळ) घालायचं, मागून दांडा दाबायचा, फट्! नळीच्या भोकापेक्षा तेफळ किंचित मोठं हवं, नाहीतर हवा निसटते आणि नुसता उसासा बाहेर पडतो. हा सण इंग्रजी तारखेचा, भरती पंचांगाची, त्यामुळे दोन्हींची गाठ कुठं पडेल ते त्या-त्या वर्षीचं नशीब. उधाण आलं तर संध्याकाळी अख्खा गोवा हिरव्या शेवाळावर एकाच वेळी उभा असतो, निम्मा नाचून दमलेला आणि निम्मा अजून नाचत असलेला.

कोकण रेल्वे बेटावरूनच जाते, करमळी आणि थिवीच्या मध्ये, पुलावरून, एका दमात. १९९८ पासून मुंबईची गाडी आमच्या शेतांवरून धडधडत जाते आणि थांबत नाही, कारण बेटावर स्टेशन नाही. तीच गाडी धरायला आम्ही आधी फेरीनं नदी ओलांडतो, करमळीला जातो, आणि तिच्यात बसून पुन्हा आपल्याच घरावरून जातो. घरचे अंगणातून हात करतात. गॅस बंद केला का, असं खिडकीतून ओरडून काही उपयोग नसतो.

आणि पूल? तो विषय बोटीवरच निघतो. एकाला रात्रीच्या दुखण्याखुपण्यासाठी पूल हवा असतो, त्याचं म्हणणं खोडता येत नाही. दुसरा म्हणतो, पूल आला की मागून बिल्डर आला, आणि खाजन गेलं; तेही खोडता येत नाही. तिसरा सांगतो की शेजारच्या चोडण बेटाला २०२५ मध्ये रो-रो बोट, म्हणजे गाड्या एका टोकानं चढून दुसऱ्या टोकानं उतरतात ती, आली, ती पाहून मग काय ते बोला. एवढ्यात फळी खाली आपटते, सगळे एकदम स्कूटर सुरू करतात, आणि चौथ्याचं जे काही म्हणणं होतं ते धुरात राहतं. तो संध्याकाळच्या फेरीला सांगतो. मात्र पौर्णिमा असेल तर तेव्हा कुणी बोलायच्या अवस्थेत नसतं.