‘हात न लावता लिहिलंय’ म्हणणाऱ्या वाचकास

वस्तू आणि प्राणी किती काळ टिकतात यावरच्या ‘काय किती टिकतं?’ या माझ्या लेखावर ‘एक जुना वाचक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा: मिंग या शिंपल्याचं वय चुकलं आहे, ग्रीनलँड शार्क ‘४०० वर्षं जगतो’ असं मी ठोकून दिलं आहे, ‘साधारण किती’ आणि ‘जास्तीत जास्त किती’ यांची गल्लत केली आहे. आणि शेवटी हे वाक्य: ‘लेखकाने यातल्या एकाही गोष्टीला कधी हात लावलेला दिसत नाही, आकडे इकडूनतिकडून गोळा केलेत.’

मिंगचं मान्य. आइसलँडजवळ २००६ साली काढलेल्या त्या शिंपल्याच्या कवचावरची वलयं आधी ४०५च्या आसपास मोजली गेली, २०१३मध्ये फेरमोजणीत वय ५०७ भरलं. मी जुना आकडा दिला होता, तो आज दुरुस्त केला. आभार. फक्त तिला ‘शाळकरी चूक’ म्हणायचं कारण नव्हतं. पहिल्यांदा मोजणारे शाळकरी नव्हते.

आता हात लावण्याबद्दल. मी बावीस वर्षं पंखे आणि मोटारी दुरुस्त केल्या आहेत. पंखा मंदावला की लोक म्हणतात, म्हातारा झाला. बहुतेक वेळा त्याचा कपॅसिटर उतरलेला असतो, तो बदलला की तोच म्हातारा पुन्हा गरगर फिरतो. घरघर येत असेल तर बेअरिंग बघायचं. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळलं तर मात्र काम मोठं. थोडक्यात, ‘पंख्याचं आयुष्य’ असं एक काही नसतंच, त्याच्या एकेका भागाचं आयुष्य वेगळं असतं. हे मी वाचून लिहिलेलं नाही, बोटं भाजून शिकलोय.

एलईडी बल्बचंही तसंच. खोक्यावर छापलेले हजारो तास सहसा उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे असतात. बल्ब बंद पडतो तो बहुधा आतल्या तापणाऱ्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे, उजेड देणारी चिप धडधाकट असते. असे किती उघडून पाहिले त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही, नाहीतर तीही तुम्हाला पाठवली असती.

जुन्या पिवळ्या बल्बच्या परिच्छेदाला तुम्ही ‘ऐकीव’ म्हटलंत. टंगस्टनची तार तापून झिजते, जिथे बारीक होते तिथे जास्त तापते आणि आणखी झिजते. थंड तारेचा रोध कमी असतो, म्हणून बटण दाबताक्षणी प्रवाहाचा लोंढा येतो. त्यामुळेच बल्ब बरेचदा लावतानाच जातो. तुमच्या घरातला शेवटचा कधी गेला, आठवून पाहा. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला बल्ब १९०१पासून जळतो आहे, कारण तो जेमतेम मिणमिणतो आणि क्वचितच विझवला जातो. १९२४ साली फीबस नावाच्या गटात एकत्र आलेल्या उत्पादकांनी बल्बचं आयुष्य ठरवून १००० तासांवर आणलं, हेही लेखात आहे. तिथवर वाचलंत की नाही, कोण जाणे.

जिवंत प्राण्यांच्या बाबतीत माझा हात फार लांब पोचत नाही, हे खरं. माझा ग्रेट डेन जातीचा धिप्पाड कुत्रा नवव्या वर्षी गेला. एरवी प्राणी जितका मोठा तितकं आयुष्य जास्त असं साधारण दिसतं, हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो. कुत्र्यांच्या जातींमध्ये मात्र नेमकं उलटं आहे. ती ओळ मी इकडूनतिकडून गोळा केलेली नाही.

राहिली ‘साधारण’ आणि ‘कमाल’ यांची गल्लत. सर्वांत जास्त वयाची नोंद असलेल्या फ्रान्सच्या झान काल्मां १२२ वर्षं जगल्या म्हणून माणूस तेवढा जगतो, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तक्त्यात दोन्ही आकडे एकाच रकान्यात आलेत, पण ती जागेची अडचण होती, आणि बाकी कोणाचा त्यामुळे गोंधळ झाला नाही. यावर आणखी लिहीत बसण्यात अर्थ नाही.

शार्कची ओळ बदलणार नाही. २०१६ साली डोळ्याच्या भिंगातल्या कार्बनवरून सर्वांत मोठ्या मादीचं वय ३९२ वर्षं काढलं गेलं, १२० वर्षं इकडेतिकडे धरून. मी ‘सुमारे ४००’ लिहिलं होतं. अवतरण देताना ‘सुमारे’ तुम्ही गाळलंत. नजरचुकीने असेल.