साडेतीनशेची बॅटरी की अडीच हजारांचा टॉर्च? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

खिशातल्या टॉर्चवरच्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रात्रीच्या पाळीला दारं धरायला, म्हणजे शेताला पाणी द्यायला जाता. बाजारातून साडेतीनशेची चार्जिंगची बॅटरी आणता, ती वर्षभर चालते, मेली की दुसरी. "अडीच हजारांच्या टॉर्चला सोन्याचा मुलामा आहे का? तेवढ्यात सात बॅटऱ्या येतात. आणि माझ्या बॅटरीच्या खोक्यावर एक लाख लुमेन छापलंय, तुमच्यावर फक्त हजार." वर, हे सगळं शहरात बसून केलेले शौक आहेत, असाही टोला.

पैशाचा हिशेब तुमचा बरोबर आहे. पाच वर्षांत तुमचे १७५० रुपये जातात. अडीच हजारांच्या टॉर्चला तीनेक वर्षांनी नवा सेल लागणार, त्याचे पाचशे धरा; म्हणजे तीन हजार. महाग वस्तू शेवटी स्वस्त पडते, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. टॉर्चच्या बाबतीत ते खरं नाही, मागे घेतो. फरक आहे तो रात्री अडीच वाजता, पाणी अर्ध्या सऱ्यांत पोचलेलं असताना, हातात किती उजेड उरलाय याचा.

आता ते एक लाख लुमेन. लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. आजचा अगदी उत्तम एलईडी एका वॅटला २०० लुमेनच्या आसपास देतो. म्हणजे एक लाखाला ५०० वॅट हवेत, निम्म्या इस्त्रीइतके. तुमच्या मुठीत तेवढी वीज खेळत असती तर बॅटरी धरवली नसती. चांगल्या १८६५० सेलमध्ये, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा लिथियम सेलमध्ये, साधारण ११ वॅट-अवर साठतात, म्हणजे ११ वॅटचा दिवा तासभर चालेल एवढी वीज. ५०० वॅटने ओढले तर ते सव्वा मिनिटात संपतील. तेव्हा खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ एवढाच, की छापणाऱ्याला शून्यं फुकट पडतात.

माझ्या टॉर्चवरचे हजार लुमेनही तुम्हाला वाटतात तसे नाहीत, हेही सांगून टाकतो. एफएल-१ नावाचं एक मोजमापाचं मानक आहे. त्यात लुमेन मोजतात ते टॉर्च सुरू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान, आणि 'चालण्याचा वेळ' धरतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे "१००० लुमेन, ३ तास" याचा प्रामाणिक अर्थ असा होऊ शकतो: पहिली दोन-तीन मिनिटं हजार, मग अंग तापलं म्हणून टॉर्च आपणहून तीन-चारशेवर उतरला, आणि शेवटी शंभरवर मोजणी थांबली. यात लबाडी नाही, पण हे ठाऊक नसेल तर फसगत होते. म्हणून घेताना 'टर्बो'चा, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाचा आकडा सोडून द्या. दीडशे लुमेनला किती तास, ते विचारा. आतली सर्किटं आणि काच यांत जाणारी गळती धरली तर वॅटला शंभरेक लुमेन बाहेर पडतात. दीडशेला दीड वॅट. ११ भागिले दीड, सात तास. पायाखालची वाट, वाफा आणि स्टार्टरची पेटी बघायला दीडशे भरपूर झाले.

तुमची बॅटरी आतून उघडली आहे का कधी? प्लगला न लावता, दिवसा, चार स्क्रू काढून बघा. पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकचा एक चौकोनी डबा दिसेल, त्यावर ४ व्होल्ट लिहिलेलं असेल. ही शिशाची बॅटरी, गाडीतल्या बॅटरीचीच धाकटी बहीण. एक अँपिअर-अवरची असली तर तिच्यात ४ वॅट-अवर मावतात, आणि वजनाला ती १८६५० च्या दुपटीहून जास्त. शेजारी एक जाड, बहुधा तांबडा किंवा पिवळा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज धरून ठेवणारा भाग असेल. त्यावर १०५ आकडा असेल तर तो १ मायक्रोफॅरडचा. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर त्यातून ७० मिलिअँपिअरच्या आत-बाहेर प्रवाह जातो. ४७४ असेल तर त्याच्या निम्मा. चार्जर म्हणजे एवढंच. पूर्ण भरल्यावर तोडणारं काही त्यात नसतं, आणि ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे प्लगमध्ये असताना आतली प्रत्येक तार घरच्या लाइटशी थेट जोडलेली असते. बॅटरीचं अंग तडकलं असेल तर चार्जिंगला लावून ओल्या हाताने तिला शिवू नका. प्लग काढल्यावरही पिनांना लगेच बोट लावू नका, कपॅसिटरमधला उरलेला झटका बसतो.

उजेड मंदावण्याचं कारणही तिथेच आहे. पांढऱ्या एलईडीला ३.१ व्होल्टच्या आसपास लागतात. बॅटरी भरलेली असताना ४.२ व्होल्ट, म्हणजे मधल्या, प्रवाहाला आवर घालणाऱ्या रेझिस्टरच्या वाट्याला १.१ व्होल्ट येतात. ती ३.७ वर आली की रेझिस्टरला उरतात ०.६. प्रवाह जवळपास निम्मा, उजेडही तेवढाच. हे हळूहळू होतं, डोळा सरावत जातो, म्हणून "अजून चालतेय की" असं वाटत राहतं.

आणि ती वर्षात मरते ती बहुधा तुमच्या वापराने मरत नाही. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात, ते पुन्हा विरघळत नाहीत. हंगाम संपल्यावर बॅटरी खुंटीला टांगली, चार महिन्यांनी काढली, तर ती गेलेलीच असते. उलट रात्रंदिवस प्लगला लावून ठेवली तर आतलं पाणी सुकतं. तेव्हा उपाय साधा: वापरलं की त्याच दिवशी चार्जिंगला, १०५ चा कपॅसिटर असेल तर बारा-चौदा तास, मग काढायची, आणि वापर नसला तरी महिन्यातून एकदा भरायची. एवढं केलंत तर तीच साडेतीनशेची बॅटरी दोन वर्षं सहज जाईल, आणि माझ्याविरुद्धचा तुमचा हिशेब आणखी पक्का होईल!

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? मुख्यतः तीन ठिकाणी. एक, ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला प्रवाह मोजून देणारं छोटं सर्किट. सेल ४.२ वरून ३.३ व्होल्टपर्यंत उतरला तरी ते दीडशे लुमेन दीडशेच ठेवतं, आणि ३ व्होल्टच्या आसपास आलं की मंद होऊन किंवा लुकलुकून सूचना देतं, मग सेल मरायच्या आत बंद करतं. दुसरं, खरा सेल. तिसरं, पाणी अडवणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, आणि नीट कापलेले आटे. एलईडी स्वतः फार महाग नसतो, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

सेलमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. सहज मिळणाऱ्या चांगल्या १८६५० ची क्षमता ३५०० ते ३६०० मिलिअँपिअर-अवरला थांबते. ९९०० छापलेलं असेल तर त्यावर विचारसुद्धा करू नका. सोनाराच्या किंवा किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर ठेवा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तिशीत भरला तर आत माल कमी आहे. सेलच्या लेबलवर आयएस १६०४६ (अशा सेलच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) आणि 'आर-'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा; भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर तो टाकला की तो कोणत्या उत्पादकाला दिलाय ते कळतं. वरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं असेल तर तो सेल टॉर्चमध्ये घालू नका. सेलचा अख्खा डबा हा ऋण ध्रुव असतो, तो वरच्या धन टोकाच्या अगदी कडेपर्यंत येतो, आणि तिथे धातू टेकला की शॉर्ट. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकणं हाही तोच प्रकार.

चांगले टॉर्चही बिघडतात, फक्त वेगळ्या ठिकाणी. चिखलात काम करणाऱ्याच्या टॉर्चचं चार्जिंगचं रबरी झाकण सगळ्यात आधी जातं. म्हणून तुमच्यासारख्यांनी सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर भरता येईल असाच घ्यावा. टाइप-सीचं भोक असूनही काही टॉर्च फक्त जुन्या चपट्या प्लगच्या केबलने भरतात, मोबाईलच्या नव्या सी-टू-सी केबलने नाही. आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, म्हणून चार्जरला पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही. लुकलुकायला लागला तर दहात आठ वेळा मागच्या टोपणाचे आटे मळलेले असतात किंवा बटणाची आतली रिंग सैल झालेली असते. आटे स्पिरिटने पुसा, चिमट्याने रिंग आवळा, ओ-रिंगला चिमूटभर सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल तेल नको, थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरतं.

पुढे-मागे सरकणाऱ्या झूमवाल्या डोक्याच्या टॉर्चचा मात्र मी विरोधकच आहे. ते डोकं सरकवलं की पिचकारीसारखी हवा आत-बाहेर होते, पावसात हवेबरोबर ओल आत जाते, आणि झोत बारीक केला की बराचसा उजेड आतल्या भिंतींवरच वाया जातो.

तुमच्या कामात झोत किती लांब जातो यापेक्षा दोन-तीन मीटरवर काय दिसतं ते महत्त्वाचं. खोक्यावर कँडेला, म्हणजे झोताच्या तीव्रतेचं माप, दिली असेल तर तिचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण त्या टोकाला पडणारा उजेड पुनवेच्या चांदण्याएवढाच असतो, खरं ओळखू येतं ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. बांधावर हवा आहे पसरट झोत आणि रंग नीट दाखवणारा उजेड. स्वस्त निळसर एलईडीत तांबडा भाग फारच थोडा, त्यामुळे वाळलेला पाला, माती आणि घोणशीच्या अंगावरची तपकिरी साखळी एकाच राखाडी रंगात मिसळतात. मण्यारीचं काळं-निळं चकचकीत अंग ओल्या काळ्या मातीवर तसंही हरवतं. म्हणून टॉर्च घेताना ४००० ते ५००० केल्विन (उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण) ९० किंवा वर बघा. याने लुमेन थोडे कमी होतात, होऊ द्या.

तीन हजारांच्या वर मात्र तुमचं म्हणणं मला मान्य. तिथून पुढे पैसे जातात टायटॅनियमचं अंग, रंगीत लाइट, दीडशे प्रकारची बटणं यांत. तो शौक आहे, आणि शौकाला शौक म्हणायला हरकत नाही.

मोबाईलचा लाइट आहेच, असं तुमच्याखाली दुसऱ्या एकाने लिहिलंय. तो पावसात, चिखलाच्या हाताने, विहिरीच्या काठावर वापरून बघा म्हणावं. हातातून सुटला तर टॉर्चच्या दसपट किमतीची वस्तू तळाला जाते.

तुम्हाला सुचवायचं झालं तर साडेतीनशेची बॅटरी फेकू नका, ती गोठ्यात राहू द्या. खिशाला एक साधा टॉर्च घ्या: एका १८६५० वर चालणारा, मागे खटका असलेला, आयपीएक्स-७ किंवा ८ (म्हणजे पाण्यात बुडाला तरी टिकणारा), सेलसकट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. तेवढे पैसे एकदम काढायचे नसतील तर एका पेन्सिल सेलवर चालणारा सातआठशेचाही चालेल. सेल गावच्या दुकानात मिळतो, फक्त हंगामानंतर तो बाहेर काढून ठेवा, नाहीतर फुटून आतली स्प्रिंग खातो. खिशात ठेवताना मागचं टोपण पाव आटा सैल करा. बटण चुकून दाबलं गेलं तरी टॉर्च पेटणार नाही. पेटला तर हजार लुमेन विजारीचं कापड काळं करायला पुरे आहेत. काही मॉडेलांत आट्यांवर वीज अडवणारा रंगाचा थर नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही, म्हणून दुकानातच फिरवून बघा.

आणि एक प्रयोग, फुकटातला. आज बॅटरी पूर्ण भरा, अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून दोन मीटरवर ठेवा, आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात आयएसओ व शटर (फोटो किती उजळ येणार ते ठरवणारे आकडे) एकदाच ठरवून, न बदलता, दर तासाला भिंतीचा फोटो काढा. पाच फोटो झाले की शेजारीशेजारी लावा आणि इथे टाका. माझ्या टॉर्चचे मी खाली टाकतो.