पिलानी : डोनेशन न घेता मोठी झालेली युनिव्हर्सिटी

प्रायव्हेट युनिव्हर्सिटी म्हटलं की आपल्याला काय आठवतं, हायवेवरचं होर्डिंग, त्यावर हात जोडलेले साहेब आणि मागे काचेची बिल्डिंग. म्हणूनच पिलानीच्या बिट्सबद्दल, म्हणजे बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्सबद्दल, लिहावंसं वाटतंय.

पिलानी म्हणजे राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यातलं रेताड भागातलं गाव, स्वतःचं रेल्वे स्टेशनसुद्धा नाही. १९०१ ला शेठ शिवनारायण बिर्लांनी नातवांना, म्हणजे घनश्यामदास आणि रामेश्वरदासला, शिकवायला एक मास्तर ठेवला आणि पाठशाळा काढली, सुरुवात एवढीच. मग १९२५ ला हायस्कूल, १९२९ ला इंटर कॉलेज. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्कराला आणि कारखान्यांना शिकलेली माणसं हवी होती म्हणून सरकारने तिथे टेक्निकल ट्रेनिंग सेंटर चालवलं, युद्ध संपलं, त्याचंच १९४६ ला इंजिनिअरिंग कॉलेज झालं. १९६४ ला सगळी कॉलेजं एकत्र करून बिट्स, डीम्ड युनिव्हर्सिटी, म्हणजे युनिव्हर्सिटीचा दर्जा मिळालेली संस्था.

डीम्ड झाल्यावर अभ्यासक्रम आपला, परीक्षा आपली. फोर्ड फाउंडेशनचा पैसा आणि अमेरिकेतल्या एमआयटीचा सल्ला घेऊन त्यांनी सेमिस्टर पद्धत आणली, शिकवणारा प्रोफेसरच मार्क देणार, आणि हे साठच्या दशकात बरं का! १९७३ ला सी. आर. मित्रा डायरेक्टर असताना प्रॅक्टिस स्कूल सुरू झालं, पोरं कारखान्यात जाऊन खरं काम करणार आणि त्याचे मार्क डिग्रीत धरणार. हल्ली इंटर्नशिपची सर्टिफिकेटं व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतात, तो प्रकार नाही.

पण माझ्या मते पिलानीचं नाव झालं ते अ‍ॅडमिशनमुळे. २००५ ला बिटसॅट ही त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा आली, त्याआधी बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर प्रवेश होता आणि प्रत्येक बोर्डाच्या टॉपरला शंभर धरून बाकीच्यांचे मार्क त्या हिशोबात लावायचे, त्यामुळे हात आखडून मार्क देणाऱ्या बोर्डाच्या पोरांवर अन्याय नाही. डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही. आपल्याकडे १९८३ पासून वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, गावागावात कॉलेजं आली, शेतकऱ्यांची पोरं इंजिनिअर झाली हे मान्यच, पण सीटला भाव फुटला तोही तेव्हाच.

आता दुसरी बाजू. तिथे जातीचं आरक्षणही नाही, त्यामुळे 'फक्त मेरिट' हा शब्द मी जरा जपूनच वापरतो, कारण कोचिंगचे पैसे कोणाच्या घरात असतात ते आपल्याला माहितीये. आणि फी! चार वर्षांची ट्यूशनच आता वीस लाखांच्या वर, हॉस्टेल-मेस वेगळं. दुबईचा कॅम्पस २०००, गोव्यात झुआरीनगर २००४, हैदराबाद २००८, आता कल्याणजवळ मॅनेजमेंटचं कॉलेज, असा पसारा वाढतोय, त्याला विरोध नाही, पण डोनेशन न घेता फीच इतकी ठेवली तर साताऱ्याच्या एसटी कंडक्टरच्या पोरीने बिटसॅटला चांगला स्कोअर काढून करायचं काय? स्कॉलरशिप आहेत, आईबापाच्या उत्पन्नावर फीमाफीही आहे, पण त्या किती जणांना आणि किती टक्के मिळतात ते फॉर्म भरायच्या आधी नीट वाचा, पोरांच्या भरवशावर सोडू नका. आणि इथे कोणी बिट्सियन असेल तर कमेंटमध्ये सांगा, तुमच्या बॅचला कंडक्टरची, शिपायाची पोरं किती होती?