जेरोम मिलर यांनी मुले 'मोकाट सोडली' का?

अल्पवयीन आरोपींना मोठ्यांसारखीच शिक्षा द्या, अशी मागणी उसळली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जेरोम मिलर नावाच्या पुस्तकी अधिकाऱ्याने सुधारशाळांना (गुन्हा केलेल्या मुलांना ठेवण्याच्या सरकारी निवासी संस्थांना) एका रात्रीत टाळे ठोकले, गुन्हेगार मुले मोकाट सोडली, त्यामुळे गुन्हे वाढले आणि शेवटी राज्याला जुनीच व्यवस्था परत आणावी लागली.

'पुस्तकी' या विशेषणावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मिलर यांनी सुमारे दहा वर्षे अमेरिकी वायुदलात मनोरुग्णांसाठीचे समाजकार्य केले होते, त्यानंतर ओहायो स्टेट विद्यापीठात अध्यापन केले आणि १९६९ मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांच्या कारकिर्दीत ते राज्याच्या युवक सेवा विभागाचे, म्हणजे या सुधारशाळा चालवणाऱ्या विभागाचे, आयुक्त झाले. गणवेशातली शिस्त त्यांनी आतून पाहिली होती.

'एका रात्रीत' हा शब्दप्रयोग मात्र दिशाभूल करणारा आहे. मिलर शाळा बंद करण्यासाठी नव्हे, तर सुधारण्यासाठी आले होते आणि पहिली दोन-अडीच वर्षे त्यांनी तोच प्रयत्न केला. या शाळांतील मुलांचे केस भादरले जात, त्यांना मुकाट्याने रांगेत चालवले जाई आणि पळून जाण्याचा प्रयत्न फसला की तळपायांवर लाकडी फळीने मारले जाई. मिलर यांनी केस वाढवण्याची, स्वतःचे कपडे घालण्याची आणि मोकळेपणी बोलण्याची मुभा दिली. मारहाण आणि एकांतकोठडी यांना मनाई केली. त्यावर अनेक जुन्या कर्मचाऱ्यांनी असहकार पुकारला. आदेश निघत, पण दारामागचा कारभार बदलत नसे; तेव्हा कुठे इमारतच बंद केल्याशिवाय हे थांबणार नाही, या निष्कर्षाला ते आले. ब्रिजवॉटरची संस्था १९७० मध्येच बंद झाली होती. वेस्टबरोची लायमन शाळा, म्हणजे १८४८ मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या सरकारी सुधारशाळेची वारसदार, १९७२ च्या जानेवारीत रिकामी झाली. सत्याचा अंश आहे तो इथे : शेवटची पावले खरोखरच वेगाने आणि विधिमंडळाला विरोधाची संधी न देता उचलली गेली. लोकशाही कार्यपद्धतीच्या दृष्टीने त्यावर टीका करता येते, आणि ती करावीही.

तरीही मुले 'मोकाट' सुटली नाहीत. लायमनमधील मुलांना मोटारींच्या ताफ्यातून अ‍ॅमहर्स्ट येथील विद्यापीठात नेण्यात आले, तिथे सुमारे महिनाभर विद्यार्थी त्यांच्यासोबत राहिले आणि पुढची सोय ठरवण्यात आली. कोणी लहान निवासगृहात गेले, कोणी सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, कोणी घरी राहून दिवसाच्या कार्यक्रमात. गंभीर गुन्ह्यांतील थोड्या मुलांसाठी बंदिस्त, पण लहान केंद्रे ठेवली गेली.

'गुन्हे वाढले' या दाव्याबाबत दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींनी सबुरीने घ्यावे. लॉइड ओहलिन यांच्या नेतृत्वाखालील हार्वर्डच्या अभ्यासात संपूर्ण राज्याचे पुनर्गुन्ह्याचे, म्हणजे सुटल्यावर पुन्हा गुन्हा करण्याचे, प्रमाण घटलेले दिसले नाही, उलट थोडे वाढलेलेच आढळले; त्यामुळे मिलर यांनी चमत्कार घडवला, असे म्हणणेही खोटेच. मात्र त्याच अभ्यासानुसार ज्या विभागांत पर्यायी कार्यक्रम विविध आणि नीट उभे राहिले, तिथे निकाल चांगले होते. मजकूर लिहिणाऱ्याने पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोडून दिले. पुढे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यमापनात मॅसॅच्युसेट्सची कामगिरी इतर राज्यांच्या तोडीस तोड किंवा सरस ठरली.

राहिला 'जुनी व्यवस्था परत आणली' हा दावा, आणि तो सपशेल चूक आहे. मिलर १९७३ मध्ये इलिनॉयला गेले, पण त्या अवाढव्य शाळा राज्याने पुन्हा उघडल्या नाहीत. काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियाने मिलर यांनाच बोलावले, आणि कॅम्प हिल येथील प्रौढांच्या तुरुंगात ठेवलेल्या सुमारे चारशे मुलांना बाहेर काढून त्यांची अन्यत्र सोय लावण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले.